हलव्यावरचा शेवटचा हात

मी परात. पितळेची, रुंद काठाची, आतून कल्हई केलेली. ठाकुर्लीत स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, कलावतीच्या स्वयंपाकघरात माझं सगळं आयुष्य गेलं. तुमच्या घरी परात असेल तर तिच्यात कणीक मळत असतील, भाजी निवडत असतील. माझ्या वाट्याला ते फार कमी आलं. मी हलव्याची परात. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना वर चार पांढरे, काटेरी दाणे टाकतात ना, तो हलवा माझ्या अंगावर वाढायचा. आता वाढत नाही. का वाढत नाही, तेच सांगायला बसले आहे.

कल्याणच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. कलावतीच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात मला दिलं. माणसं मूळची संगमेश्वरकडची. हलवा करायला कलावतीला तिच्या मावशीने शिकवलं होतं. ती ठाकुर्लीला नवीन आली तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीची पहिली संक्रांत होती. त्यांनी आणलेला हलवा हातात घेऊन कलावती म्हणाली, "अगंबाई, ह्याला काटाच नाही! ह्याला काय हलवा म्हणायचं? थांबा, मी करून देते." तिथून सगळं सुरू झालं.

हलव्याला आच लागते ती अगदी नावाला. गॅसवर तवा, तव्यावर मी आणि माझ्यात मूठभर तीळ. कलावती साखरेचा पाक करायची, त्यात दुधाचे थेंब टाकून मळी काढायची, मग चमच्याने थोडा थोडा पाक तिळांवर सोडायची आणि बोटांनी ते फिरवत राहायची. पाक सुकला की पुन्हा थोडा. पुन्हा फिरवायचं. उलथनं चालत नाही. कुठे चिकटतंय, कुठे सुकलंय, ते बोटांनाच कळतं. बोटांची टोकं लाल व्हायची, पण ती हात काढायची नाही. असं रोज करत गेलं, हवा गार मिळाली आणि हात हलका असला, की एखाद्या सकाळी दाण्यांवर बारीक टोकं दिसायला लागतात. "काटा फुटला!" कलावती ओरडायची आणि शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवायची.

त्या दाण्यांचे मग दागिने व्हायचे. नव्या सुनेने पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर घालायचे मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी. बोरन्हाणाला बाळासाठी मुकुट आणि बासरी. दाणे ओवायचं काम महिपतरावांचं. महिपतराव म्हणजे कलावतीचे यजमान, रेल्वेत नोकरीला होते. बोलणं कमी. घरी आले की हातपाय धुऊन चष्मा नाकावर ओढायचे आणि सुईत दाणे ओवत बसायचे. एखादा दाणा फुटला की कलावतीकडे हळूच बघायचे. ती म्हणायची, "दिसलं हो मला."

त्यांचा मुलगा संदेश एकुलता एक. लहानपणी येताजाता माझ्यात हात घालून मूठ भरून पळायचा. मोठा झाला, घोडबंदर रोडला एका ऑफिसात लागला, मोटारसायकलवरून जायला-यायला लागला, तरी मूठ भरायची सवय गेली नाही. त्याचं लग्न झालं डोंबिवलीच्या रसिकाशी. रसिकाला आई नव्हती. वडील थोरल्या भावाकडे नाशिकला असायचे. त्यामुळे असेल, लग्न होऊन आली आणि पहिल्या दिवसापासून कलावतीच्या मागे मागे फिरायला लागली.

लग्न मे महिन्यातलं. डिसेंबर उजाडला तसं कलावतीने मला माळ्यावरून काढलं, चिंच लावून लख्ख केलं. म्हणाली, "यंदा बाहेरचं काही घेणार नाही मी. यंदा माझ्या सुनेचं."

"आई, हे फिरवायचं कसं असतं? मला पण द्या ना," रसिका म्हणायची.

"तुझेच दागिने आणि तूच कसे करशील? नुसतं बघ. पुढच्या वर्षी शिकवते."

"आई, तिला कंबरपट्टा पण कर हं," संदेश बूट घालता घालता म्हणायचा. "मी मोबाईलवर बघितलेलं, काय भारी दिसतं."

"करते. तुझ्यासाठी पण हार करणारेय. तो घालून मुकाट्याने फोटोला बसायचं, आत्ताच सांगून ठेवते."

त्या दिवशी दुपारी दाण्यांवर पहिली टोकं आली होती. कलावती रसिकाला हाक मारणार, एवढ्यात बाहेरच्या खोलीत महिपतरावांचा फोन वाजला. ते "हो" म्हणाले, पुन्हा "हो" म्हणाले, आणि मग त्यांच्या हातून फोन पडल्याचा आवाज आला. शीळफाट्याला कंटेनरने मोटारसायकल उडवली होती. कलावतीचा हात माझ्यात होता. तो तसाच थांबला. मग ती उठली आणि साखर लागलेल्या बोटांनी, अनवाणी, जिना उतरून गेली.

गॅस कोणी बंद केला नाही. साखर आधी पिवळी झाली, मग तांबडी. करपल्याचा वास सुटला तेव्हा शेजारच्या बाई धावत आल्या आणि त्यांनी मला उचलून ओट्याखाली सरकवलं.

तिथे मी पडून राहिले. घरात माणसं भरली, रडणं झालं, दिवस झाले, माणसं गेली. माझ्यातल्या दाण्यांना मुंग्या लागल्या. मला बाहेर काढलं ते रसिकाने. तिने आधणाचं पाणी ओतलं, साखर विरघळेपर्यंत शेजारी बसून राहिली आणि मग घासायला लागली. घासत होती, रडत नव्हती. ते मला जास्त कठीण वाटलं.

तिला न्यायला नाशिकहून वडील आले होते. ती म्हणाली, "बाबा, ह्या दोघांना असं टाकून मी कुठे येऊ?" वडील तसेच परत गेले.

पुढचं वर्ष हलव्याविना गेलं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जुनी गिऱ्हाइकं फोन करायला लागली आणि कलावतीने मला पुन्हा गॅसवर चढवलं. पण तिचा हात आता तिचा राहिला नव्हता. चमचा धरला की पाक तिळांवर कमी आणि माझ्या काठावर जास्त सांडायचा. डॉक्टर कंपवात म्हणाले. ती चमचा टाकून भिंतीकडे तोंड करून बसली.

रसिकाने पदर खोचला. "आई, सरका जरा. मी बघते."

पहिल्या खेपेला गोळे झाले. दुसऱ्या खेपेला साखर पिवळी पडली. कलावती शेजारी पाटावर बसून सांगायची, "आच कमी कर. अगं कमी म्हणजे अजून कमी!"

"आई, ह्याच्यापेक्षा कमी केली ना, तर गॅसच बंद होईल," रसिका म्हणायची. एकदा असं म्हणून ती हसली. त्या घरात कितीतरी काळाने कोणी हसत होतं. बाहेरच्या खोलीत महिपतरावांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर केला.

आणि मग काटा फुटला. मी पुष्कळ हलवा पाहिलाय, म्हणून सांगते, रसिकाच्या बोटांत जे होतं ते कलावतीच्याही बोटांत नव्हतं. तिचा हात माझ्या तळावरून जायचा तो फुंकर जावी तसा. दाणे टपोरे, एकसारखे, काटा असा बारीक की बोटाला टोचतोय की नुसता भास होतोय ते कळू नये. महिपतराव पुन्हा सुई घेऊन बसायला लागले. दागिन्यांचे डबे डोंबिवलीला, कल्याणला, ठाण्याला जायला लागले. ते दोन हिवाळे बरे गेले. बरे म्हणजे, माणसं जेवायची, झोपायची, एकमेकांशी बोलायची.

एक गोष्ट मात्र रोजची होती. हलवा तयार झाला, रसिका हात धुवायला उठली, की कलावती माझ्याजवळ यायची आणि आपला थरथरणारा हात त्या दाण्यांमधून एकदा फिरवायची. मगच डबे भरायचे. मला वाटायचं, लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं ते कौतुक आहे. रसिकालाही तसंच वाटत असणार.

मंदाकिनीबाई आल्या तो दिवस रविवार होता. घोडबंदर रोडच्या एका मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या, फार वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीचं, दक्षताचं, लग्न झालं होतं.

"कलावतीबाई, आता मात्र पूर्ण संच हवाय. दक्षताची पहिली संक्रांत," त्या बाहेरच्या खोलीत बसत म्हणाल्या.

रसिका पाण्याचा ग्लास घेऊन गेली. तिच्या बोटांना साखर लागलेली होती. परत आली आणि माझ्यात हात घालून बसली. स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसता पडदा होता. मंदाकिनीबाईंनी आवाज खाली आणला, पण पडद्याला त्याचं काय.

"वाईट वाटून घेऊ नका हं. पण दागिने तुम्हीच करता ना? नाही, मी काही हे सगळं फारसं मानत नाही. पण पहिली संक्रांत आहे, आणि तिच्या सासूबाई जरा तशा आहेत. उद्या काही कमीजास्त झालं तर मनाला लागून राहायचं."

कलावती म्हणाली, "छे हो! मीच करते सगळं. ती नुसते डबे भरते. सवाष्णीच्या दागिन्यांना मी तिला हातसुद्धा लावू देत नाही. एवढं कळतं आम्हाला."

रसिकाचा हात माझ्यात थांबला. चमच्याने सोडलेला पाक तिच्या बोटांवरच सुकत गेला. तिने गॅस बंद केला आणि बसून राहिली.

मंदाकिनीबाई गेल्या. कलावती आत आली, रसिकाचा चेहरा तिने पाहिला.

"अगं, तसं बोलावं लागतं. लोकांची तोंडं आपण धरणार आहोत का?"

"लोकांचं राहू द्या हो, आई," रसिका म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?"

"माझा हात लागला तर त्या दक्षताचं वाईट होईल, असं वाटतं तुम्हाला?"

कलावतीने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केलं, पुन्हा उलगडलं. एक शब्द बोलायला हवा होता. "नाही" एवढाच. मी वाट बघत होते. पाक माझ्या अंगावर घट्ट होत चालला होता.

"म्हणून तुम्ही रोज शेवटी हात फिरवायचात," रसिका म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला वाटायचं, तुम्हाला आवडतो माझा हलवा."

"आवडतो गं..." कलावती म्हणाली.

कोणालाही वाटेल की रसिका त्याच क्षणी उठून गेली असेल. तसं झालं नाही. घेतलेलं काम तिने पुरं केलं. दक्षताचे दागिने करताना ती माझ्यावर अशी वाकून बसायची की तिचा श्वास मला लागायचा. त्या हलव्याला जसा काटा आला तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. शेवटच्या सकाळी दाणे तयार झाले. एरवी ती हात धुवायला उठायची. त्या दिवशी उठली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि बघत राहिली.

कलावती आली. माझ्याजवळ थांबली. तिने रसिकाकडे बघितलं नाही. तिचा हात खाली आला आणि दाण्यांमधून एकदा फिरला.

रसिकाने डबा तिच्यासमोर सरकवला आणि ती बाहेर निघून गेली.

संक्रांत झाल्यावर तिने घोडबंदर रोडला एका कंपनीत नोकरी धरली आणि तिथेच एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. जाताना दोघांच्या पाया पडली. महिपतराव जिन्यापर्यंत आले. "थांब म्हणायला मला तोंड नाही, पोरी," ते म्हणाले. "फोन करत जा." ती करायची. त्यांच्या फोनवर करायची. ते बोलून झाल्यावर फोन कलावतीपुढे धरायचे, आणि कलावती "जेवलीस का?" एवढंच विचारायची.

पुढच्या गणपतीनंतर महिपतराव गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. रसिका धावत आली, सगळे दिवस तिने केले, पाहुण्यांचं पाहिलं, कलावतीला जेवू घातलं. आणि झाल्यावर परत गेली.

मग हिवाळा आला. कलावतीने मला खाली काढलं. घरात कोणी नव्हतं. तिने फोन जमिनीवर ठेवला, कारण हातात राहायचा नाही, आणि मंदाकिनीबाईंना लावला.

"दक्षताच्या बाळाचं बोरन्हाण असेल ना यंदा? मुकुट, बासरी करून ठेवते मी. होईल तसं, हळूहळू."

पलीकडून मंदाकिनीबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही आता कशाला त्रास घेता? आम्ही ऑनलाइन मागवलेत."

"त्रास कसला? लहान बाळाचं काम..."

"कलावतीबाई," मंदाकिनीबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्हाला तर हे सगळं कळतं."

फोन बंद झाला तरी कलावती त्याच्याकडे बघत बसली. मग तिने आपले दोन्ही हात वर केले आणि डोळ्यांसमोर धरून पाहिले, जसे दुसऱ्याच कोणाचे असावेत. मी तिच्या इतकी जवळ होते आणि तिला काहीही सांगू शकत नव्हते.

त्याच आठवड्यात रसिकाचा फोन आला. तिच्या ऑफिसातला दर्शन नावाचा मुलगा, त्याच्याशी ती रजिस्टर लग्न करणार होती. "आधी तुम्हाला सांगावं म्हटलं, आई."

"बरं केलंस गं," कलावती म्हणाली. "फार बरं केलंस." फोन ठेवून ती पाटावर बसली आणि रडली. मग डोळे पुसले, डब्यातून तीळ काढले आणि मला गॅसवर चढवलं.

तिला रसिकाचे दागिने करायचे होते. जे त्या डिसेंबरात राहून गेले ते सगळे. किती वेळा तिने सुरुवात केली ते मला विचारू नका. पाक गॅसवर सांडायचा, ज्योत भडकायची. तीळ एका जागी गोळा व्हायचे, ते सोडवायला ती बोटं घालायची आणि माझ्या तापलेल्या तळाला हात टेकून चटका बसायचा. काटा काही फुटला नाही. शेवटी एका दुपारी गॅस मोठा झाला आणि तो बारीक करायला तिच्या बोटांना बटण सापडेना. माझी कल्हई उडाली. तळाला काळा डाग पडला. साखर जळून दगडासारखी झाली आणि मला चिकटून बसली.

रविवारी रसिका आली. दर्शन खाली थांबला होता. तिने आत येऊन आधी कलावतीची बोटं पाहिली, मग मला.

"हे काय करत होतात?"

"तुझे दागिने," कलावती म्हणाली. "काळी साडी मी आणून ठेवलीय. थोडं थोडं करते, होईल संक्रांतीपर्यंत." आणि मग तिने ते विचारलं. खाली बघत, हळूच. "माझ्या हातचे चालतील ना तुला? आता मी पण..."

रसिका तिच्यासमोर खाली बसली. तिने मलम आणलं आणि एकेका बोटाला लावलं.

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही, आई. माझ्या पण नव्हतं झालेलं."

"चुकलं गं माझं."

"हो," रसिका म्हणाली.

मला वाटलं, आता ती मला जवळ ओढेल, पाणी ओतेल, पदर खोचेल. कलावतीलाही तेच वाटलं असावं. ती जरा सरकून बसली, जागा करून दिल्यासारखी.

"दागिने नको करू," रसिका उठत म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कलावतीशी एकेरीत बोलली, पोटच्या लेकीने बोलावं तशी. "मला नकोच आहेत ते. पाकाचा वास आला ना, तरी मी तिथून उठून जाते."

तिने चहा केला, दोघी चहा प्यायल्या, कपबशा धुऊन ठेवल्या. पाया पडली. दारातून म्हणाली, "गॅसजवळ एकटी जाऊ नकोस. डबा लावून देते तुला." आणि गेली. डबा रोज येतो. ती आली नाही. काळी साडी घडी न मोडता कपाटात आहे.

आता कलावती गॅस पेटवतच नाही. मी न्हाणीघराच्या दाराशी उभी टेकवलेली आहे. कल्हई गेलेल्या भांड्यात अन्न कळकतं, त्यामुळे माझा कोणाला उपयोग नाही. काल तिने खालच्या भंगारवाल्याला सांगून ठेवलं. तो म्हणाला, "ताई, चीज चांगली आहे, ठेवा ना." ती म्हणाली, "घेऊन जा रे. डोळ्यांसमोर नको."

तो उद्या येईल. मला तोडतील, वितळवतील, त्याचं भय नाही. पितळ वितळतं आणि दुसरं काहीतरी होतं. ज्या कोणाच्या हाती मी पडेन त्याला एवढीच विनवणी आहे. माझी कडी करा, नळाची तोटी करा, एखाद्या जिन्याचा कठडा करा. येणाऱ्याजाणाऱ्या कोणीही हात लावावा आणि कोणाचा लागला ते कोणी विचारू नये, असं काहीही करा.

परात तेवढी करू नका.